पेरणीआधीचं गिऱ्हाईक

(रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा येथे वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'स्थानिक अन्न विकत घेण्याचे फायदे'. विषय मला मान्य आहे आणि फायद्यांवर मी येणार आहे. पण त्याआधी जरा हात वर करायला लावते. या आठवड्यात ज्यांच्या घरी फ्लॉवर, कोबी नाहीतर ढोबळी मिरची शिजली, त्यांनी हात वर करा. बघा, जवळजवळ सगळे. मागच्या रांगेतल्या वहिनींनी तर दोन्ही हात वर केलेत, म्हणजे फ्लॉवरही झाला आणि कोबीही! आता आपल्या तालुक्यात उगवलेली भाजी ज्यांच्याकडे शिजली त्यांनी. हे पण बरेच आहेत. काय? फणसाची भाजी धरायची का? धरा की. कैरीचं सार, शेवग्याच्या शेंगा, सगळं धरा. आता शेवटचं. यातलं जे विकत घेतलेलं होतं, दारच्या झाडावरचं नव्हे, शेजाऱ्याने दिलेलं नव्हे, पैसे मोजून आपल्याच तालुक्यातल्या माणसाकडून घेतलेलं, तेवढ्यांचेच हात राहू देत.

दोन राहिले. तीन. धन्यवाद, खाली घ्या.

हे दोन-तीन हात मला आज वाढवायचेत. आपल्या परसात पडलेलं आपण खातो. मुंबईला हवं ते आपण मुंबईला पाठवतो. शेजारणीला टोपलीभर देतोसुद्धा, कोकणात कोणी रिकाम्या हाताने परत जात नाही. पण आपण एकमेकांकडून विकत घेत नाही. आपल्या शेतीच्या दुखण्यात या गोष्टीचा वाटा किती मोठा आहे, यावर आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्या खाणावळीत पान मांडलेलं आहे. तेव्हा मी बोलते ती रोज भाजी घेणारी बाई म्हणून. पहाट फुटायच्या आधी कोल्हापूरचा टेंपो येतो. शिरोळ, हातकणंगले, करवीर या भागातला माल आदल्या दिवशी निघालेला असतो. मार्केट यार्डात सौदा होतो, हमाल तो चढवतात, टेंपो आंबा घाट उतरतो आणि उजाडायच्या आत क्रेट आपल्या बाजारपेठेत येऊन पडतात. रत्नागिरी ते कोल्हापूर अंतर १३० किलोमीटरच्या आसपास. घाटावरच्या शेतकऱ्याशी माझं भांडण मुळीच नाही, हे आधीच सांगून ठेवते. तो कष्ट करतो म्हणून आपल्या ताटात भाजी येते. घाटावरून माल येणं हेही काही आजचं नाही. राजापूरच्या बंदरातून अणुस्कुऱ्याच्या वाटेने कोल्हापूर-पन्हाळ्याकडे शेकडो वर्षं व्यापार चालला. मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची. गूळ, मिरची, कडधान्यं खाली यायची. पण त्या वाटेने माल दोन्हीकडून जायचा, हे लक्षात घ्या. आज टेंपो भरून येतो आणि परत जाताना त्यात रिकामे क्रेट असतात. कांदा, बटाटा, तूरडाळ, साखर आपल्याकडे पिकत नाही, ती बाहेरूनच येणार. पण पडवळ? भेंडी? अळू? जुलै महिन्यात, आपल्या वाडीतल्या मांडवावर काकड्या लोंबत असताना, घाटावरची काकडी?

आता जुलैचं निघालंच आहे, तर २०२१ चा जुलै आठवा.

२२ जुलै. चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, ते इथं कोणाला सांगायला नको, तुमच्यातल्या काहींचे नातेवाईक त्या रात्री माडीवर बसून होते. परशुराम घाटात दरड, रेल्वे बंद. तिकडे पंचगंगेला पूर, पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी. आणि आपल्या आंबा घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला. म्हणजे मुंबईकडून वाट नाही आणि घाटावरूनही नाही. पहिल्या दोन दिवसांत दुकानातले कांदे-बटाटे संपत आले. जे उरले त्यांचा भाव विचारायची सोय नव्हती. माझ्याकडे तेव्हा जेवायला कोण होतं? बँकेतली मुलं, एसटीचे चालक-वाहक, शिक्षक, आणि अडकून पडलेले ट्रकवाले. त्यांना वाढायचं काय?

डाळ-भात आणि सुकटीवर दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वाडीतल्या दोघी जणी पावसात पानांचं इरलं पांघरून आल्या. हो, इरलं. प्लास्टिकचा कागद होता वर, पण आत इरलंच. पाटीत काय, तर टाकळा, कुर्डू, भारंगीचा पाला, फोडशी, अळूची पानं आणि एका टोपलीत पानांत गुंडाळलेली अळंबी. मला म्हणाल्या, बाजारात कोण नाय, म्हणून तुझ्याकडं आलो. मी सगळं घेतलं. फोडशीची भाजी चण्याची डाळ घालून केली, अळूचं फदफदं आठळ्या घालून केलं. बँकेतला एक मुलगा विदर्भातला, त्याने कधी फोडशी बघितलीसुद्धा नव्हती. तीनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी चौघी आल्या, त्याच्या पुढच्या दिवशी आणखी.

आणि मग, मंडळी, जुलै संपता संपता मांडव लागले. मृगात टोबलेल्या, म्हणजे बी टोचून लावलेल्या, काकड्या धरल्या. मग शिराळी, मग पडवळ, कारली, भेंडी. आंबा घाटातून अवजड वाहनं पुढे कितीतरी दिवस बंदच होती, आणि त्या काळात आपल्या बाजारपेठेत, देवळापासून स्टँडपर्यंत, दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असायच्या. मी तो बाजार डोळे भरून बघितलाय. वाट्यावर भेंडी, जुडीने माठ, केळीच्या पानावर चिरलेला भोपळा. ज्यांना आपण 'हल्ली कोण शेती करतंय' म्हणतो त्या वाड्यांमधून हे सगळं आलं होतं. कोणी सरकारी योजना आणली नव्हती, शिबीर घेतलं नव्हतं. माल मुळात होता. परसात, वरकसात म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीत, गोठ्याच्या मागे, आंब्याच्या कलमांच्या मधल्या जागेत होता. तो घरात खाल्ला जायचा, गुरांपुढे पडायचा, पिकून वेलावर सडायचा. त्याला गिऱ्हाईक मिळालं आणि तो बाजारात आला.

त्या बायकांच्या हातात त्या महिन्यात पैसे खेळले. एकीने मुलाचं ऑनलाइन शाळेसाठी मोबाइलचं रिचार्ज मारलं, ते मला मुद्दाम येऊन सांगितलं. त्या काळात, जेव्हा मुंबईहून येणारे पैसे आटले होते.

मग सप्टेंबरात गणपती आले. १० तारखेला होते त्या वर्षी. चिबूड, काकड्या, गणपतीवर बांधायच्या माटवीसाठी सुपारीची शिपटं, रानातली कवंडाळं, सगळं उचललं गेलं, गणपतीत ते जातंच. ऋषिपंचमीला तर बैलाच्या कष्टाचं काही खायचंच नाही, हाताने लावलेलं आणि आपोआप उगवलेलं तेवढंच भाजीत घालायचं, म्हणजे त्या दिवशी घाटावरचा क्रेट उघडायची सोयच आपल्या वाडवडिलांनी ठेवलेली नाही. पण गणपती उरकले, टेंपो नेहमीसारखा यायला लागला, आणि आपली माणसं पुन्हा क्रेटकडे वळली. मी बघत होते. तेच लोक. ज्यांनी ऑगस्टात 'काय चव आहे हो गावठी काकडीला' म्हणून पिशव्या भरल्या, तेच शेजारची पाटी ओलांडून पुढे गेले. का, तर तिकडे सगळं एका ठिकाणी मिळतं. संध्याकाळी बायका अर्धी पाटी परत घेऊन वाडीला जायच्या. रिक्षाचं भाडंसुद्धा सुटायचं नाही.

त्यातली एक काकी, वयाने माझ्या आईएवढी, तिला मी विचारलं, "पुढच्या मिरगाला जास्त लावशील ना गं? बघ किती खपलं." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कुनासाटी लावू बाय? घाट कदी बंद होनार, ता पेरताना कलता काय?"

या एका वाक्यावर मी आजचं सगळं व्याख्यान उभं केलंय. लावणारणीला पेरताना कळलं पाहिजे की हे कोण घेणार आहे. बाजारात आल्यावर कौतुकाने चार काकड्या घेणारा माणूस तिच्या फारसा उपयोगाचा नाही. तिला पेरणीआधीचं गिऱ्हाईक हवं आहे.

तुम्ही म्हणाल, आणि दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतंच, की गिऱ्हाईक असलं तरी वानर-माकडं ठेवतात कुठे? रानडुकरं? मजूर आहे का? सातबाऱ्यावर अठरा नावं, त्यातली बारा मुंबईत, बांध कोणी घालायचा? सगळं खरं आहे. माझ्या स्वतःच्या माहेरच्या खाचरात आज करवंदीच्या जाळ्या वाढल्यात, मला ते बघवत नाही. पण याच माकडा-डुकरांचा हिशेब जरा नीट बघा. पूर्वी अख्खा मळा लागलेला असायचा. दहा घरांची खाचरं, दहा घरांची राखण. डुक्कर आलं तर दहा घरांचं थोडं थोडं खायचं, आणि रात्री कोणी ना कोणी माचावर असायचंच, डबा वाजवायचा. आता नऊ घरं पड टाकतात आणि दहावा एकटा लावतो. सगळी डुकरं त्याच्याच खाचरात येतात. बाजूच्या पड जमिनीत झाडी माजलेली, दिवसा लपायला जागा तिथेच. पुढच्या वर्षी तोही सोडतो. म्हणजे आपण म्हणतो जनावरांमुळे शेती सुटली. ते अर्धं खरं आहे. शेती सुटली म्हणून जनावरं टेकली, हे उरलेलं अर्धं. एकट्याने लावून भागत नाही, पाच-सात घरांनी शेजारी शेजारी लावलं तर राखण परवडते, कुंपण परवडतं. आणि पाच-सात घरं एकदम कधी लावतील? जेव्हा पाच-सात घरांचा माल जाणार याची खात्री मेमध्ये मिळेल तेव्हा. ऑगस्टमध्ये मिळून उपयोग नाही.

वाणांचं म्हणाल तर तेही आहेत. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या दाराशी आहे. 'कोकण तारा' कारलं, 'कोकण हरिता' शिराळं ही त्यांचीच. शिरगावला भाताचं संशोधन केंद्र आहे. पाऊस तर ३००० मिलीमीटरच्या वर. कमी काय आहे, तर घेणाऱ्याचा शब्द.

आणि ही पद्धत मी काही नवीन काढलेली नाही. इथं पिकलेल्या केसांची मंडळी बसलीत, त्यांना बेगमी आठवत असेल. मे महिना आला की आपल्या आया काय करायच्या? चार महिने पावसात बाहेर पडता येणार नाही, म्हणून भात, कुळीथ, पावटे, आमसुलं, मिरच्या, सुकी मासळी, सगळं भरून ठेवायच्या. ते विकत कोणाकडून घ्यायच्या? ठरलेल्या माणसाकडून. अमक्या वाडीतल्या अमक्याकडचं भात, तमकीकडची आमसुलं. त्या माणसाला वर्षभर आधी माहीत असायचं की एवढ्या मणाला घर आहे. तो त्या हिशेबाने लावायचा. आमसुलं करणारी बाई रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, काढायला झाडावर माणूस चढवायची, कारण ती कोणाच्या घरी जाणार हे तिला माहीत असायचं.

रातांब्यांवरून एक सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात एका लग्नाला गेले होते, आपल्याच जिल्ह्यात. कार्यालय झकास, मागे रातांब्याचं झाड, झाडाखाली लालभडक सडा पडलेला. पावसाचे दोन शिंतोडे येऊन गेलेले, म्हणजे ते रातांबे आता फुकटच जाणार, कारण एकदा पाऊस लागला की आमसुलं वाळत नाहीत. आणि आत पंगतीत काय? पनीर, गोबी मंचुरियन, आणि पेय म्हणून कसल्याशा लाल रंगाचं, साखरेचं पाणी, नाव दिलं होतं 'कोकम सरबत'. मी वाढणाऱ्या मुलाला विचारलं, बाळा, कोकम कुठलं? तो म्हणाला, मावशी, पावडर आहे. मंडळी, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. हापूसला २०१८ साली. वेंगुर्ल्याच्या काजूला मिळालंय. जगाने मान्य केलं की ही चीज इथलीच. आणि इथल्याच मांडवात, झाडाच्या सावलीत बसून, आम्ही पावडर पितो. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्या कार्यालयाच्या मागच्या वाडीत आगळ, म्हणजे रातांब्यांचा खारवलेला रस, करणाऱ्या चार बायका होत्या, मला माहीत आहेत त्या. तीनशे माणसांच्या सरबताला लागणारं आगळ त्यांनी हसत दिलं असतं, फक्त यजमानाने आदल्या महिन्यात निरोप धाडायला हवा होता.

लग्नाचा मेन्यू ठरवणारी मंडळी इथं असतील, पुढच्या मोसमात घरी कार्य असेल, त्यांना हात जोडून सांगते. ताटात एक तरी पदार्थ असा ठेवा की ज्याचं मूळ तुम्हाला बोट दाखवून सांगता येईल. सोलकढी ठेवा. कच्च्या फणसाची भाजी ठेवा, पाहुणे बोटं चाटतील. ओल्या काजूची उसळ मार्च-एप्रिलच्या लग्नात ठेवा. काजूचं तर असं आहे की आपला देश आफ्रिकेतून कच्चा काजू मागवतो, आणि आपल्याकडे बोंडं झाडाखाली कुजतात. आणि महामार्गाच्या कडेला परराज्यातला आंबा 'देवगड' म्हणून विकला जातो, ते तुम्ही-मी मेमध्ये रोज बघतो. त्यावर एक वेगळं व्याख्यान लागेल.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं. बरं. मग मी काय करते ते आधी सांगते आणि मग पत्रिकेवरचे फायदे.

त्या वर्षानंतर मी दर मेमध्ये, रोहिणी लागायच्या आत, ओळखीच्या तीन-चार वाड्यांमध्ये जाऊन बसते. खाणावळीला पावसाळ्यात आठवड्याला किती भेंडी लागते, किती पडवळ, किती माठ, ते मला तोंडपाठ आहे. ते सांगते, आणि कोण काय लावणार ते वहीत लिहिते. सगळ्याच जणींनी काकडी लावली तर घोळ होतो, म्हणून वाटून घ्यायचं. मोसमाचा एक भाव ठरवतो. बाजार चढला तरी त्या मला त्याच भावाने देतात, बाजार पडला तरी मी त्याच भावाने घेते. थोडा विसार, म्हणजे आगाऊ पैसे, देते, बियाणं आणि खताला होतो. भाजी वाईट आली तर स्पष्ट बोलते, त्याही बोलतात. कधी अतिवृष्टीने मांडव झोपतो, मग टेंपोची भाजी घेते, त्यात कमीपणा काही नाही. दिवाळीनंतर हाच हिशेब कुळथाचा, पावट्याचा आणि विहिरीवरच्या मुळा-माठाचा. भात कापल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर कुळीथ येतो, त्याला वेगळं पाणी लागत नाही. फक्त पेरायला कारण लागतं.

आता फायदे. भरभर सांगते.

पहिला, अंगाला. पालेभाजी तोडल्यापासून उन्हात, उकाड्यात जितके तास जातात तितकं तिच्यातलं क जीवनसत्त्व कमी होतं. सकाळी तोडलेला माठ दुपारी शिजला तर त्याची बरोबरी क्रेटमध्ये रात्र काढलेल्या भाजीला होत नाही. आपला उकडा तांदूळ घ्या. भात भिजवून उकडताना कोंड्यातली ब गटातली काही जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, म्हणून कांडल्यावरही ती बऱ्यापैकी राहतात. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ती कोंड्याबरोबर जातात. नाचणीत १०० ग्रॅमला ३०० मिलीग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं, कुळथात २० टक्क्यांहून अधिक प्रथिनं. सकाळी नाचणीची आंबील आणि दुपारी कुळथाची पिठी-भात खाणारा शेतकरी दिवसभर चिखलात उभा कसा राहायचा, ते यावरून कळेल. शाळेतल्या पोरांना बिस्किटाच्या पुड्याऐवजी नाचणीचं सत्त्व द्या, एवढंच म्हणते.

दुसरा, पैशाला. इथं दुकानदार मंडळी बरीच आहेत म्हणून मुद्दाम सांगते. फ्लॉवरचे पैसे आडत, हमाली, डिझेल, टोल, दोन व्यापारी असे वाटत वाटत घाटावर जातात. वाडीतल्या काकीला दिलेले पैसे संध्याकाळी तुमच्याच दुकानात चहा-साखर घ्यायला येतात. तिच्या मुलाचा गणवेश तुमच्याच दुकानात शिवला जातो. आपलं कोकण किती पिढ्या मनीऑर्डरवर जगलं. मुंबईत आधी गिरणी, मग बंदर, मग रिक्षा-टॅक्सी. येणारा पैसा इथं थांबवायचा असेल तर तो इथल्या इथं दोन-चार हातांमधून फिरायला हवा.

तिसरा, पाण्याला. भाताच्या खाचरात चार महिने पाणी उभं असतं, त्यातलं काही खाली मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना मिळतं. खाचर पड पडलं, बांध फुटला, की तेच पाणी माती घेऊन पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीला जातं. फेब्रुवारीत विहीर तळाला गेली की आपण टँकर मागवतो. गावचा तांदूळ विकत घेणं हा पाण्याचाही उपाय आहे, असं मी म्हणते.

चौथा, बियाण्याला. वालय, बेळा, पाटणी ही भातं कोणी कपाटात ठेवून जगत नाहीत. ती दरवर्षी पेरली तर राहतात, आणि पेजेला लाल तांदूळ मागणारं घर असलं तरच पेरली जातात. तो महाग पडतो, मान्य. उतारा कमी, मजुरी जास्त. रोज नको. आठवड्यातून दोन दिवस पेज करा, वर्षाला घराला किती लागेल ते मोजा, आणि तेवढा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कापणीतला आत्ताच सांगून ठेवा.

पाचवा, अडचणीला. घाट पुन्हा बंद होणार. दर पावसात कुठली ना कुठली दरड येतेच. त्या दिवशी आपल्याकडे मांडव असेल का, हे या महिन्यात ठरतं.

विषमुक्त भाजी, पर्यटकांना स्थानिक जेवण, बचतगटांचं पॅकिंग, यावर बोलायचं होतं, ते राहिलं. वेळ संपली. मुंबईहून आलेल्यांना एवढंच सांगते की तुम्ही जूनला परत जाणार, पण गणपतीला येणार. पंधरा दिवसांचा तुमचा तांदूळ, काकड्या, चिबूड, नारळ कोण देणार ते जायच्या आधी वाडीत ठरवून जा. येताना मुंबईच्या मॉलमधून पिशवी भरून आणू नका.

बाहेर चहाच्या टेबलाशी वही ठेवलीय. त्यात आपलं नाव, घरात माणसं किती, आणि जुलै ते ऑक्टोबर आठवड्याला काय किती लागेल ते लिहा. 'सगळ्या भाज्या' असं लिहू नका, त्यावरून कोणाला काही लावता येत नाही. 'भेंडी एक किलो, पडवळ दोन, लाल माठ तीन जुड्या' असं लिहा. ज्यांना विसार द्यायला जमेल त्यांनी आकडा लिहा, जमत नसेल त्यांनी नुसता शब्द लिहिला तरी चालेल, पण मग ऑगस्टात तो पाळा. वरच्या वाडीतल्या तिघी जणी इथं मागे बसल्यात, हात वर करा गं. त्यांच्याशीच थेट बोललात तर उत्तम, वहीचीही गरज नाही. रोहिणी २५ तारखेला लागते. बियाणं त्याआधी आणायचंय, तेव्हा वही मी २० तारखेला बंद करणार आहे.